न वाकणारी फळी

आता तुमीच सांगा जी, ज्या भिलईत बर्फ म्हनजे रसाच्या गिलासात असते तेवढाच, तिथल्या मानसानं बर्फावरून घसरायची फळी निवडायची तरी कशी? पन पोरीनं हट्ट धरला. उन्नती माही, वीस वर्षांची, काश्मीरले पंधरा दिवसांच्या कोर्सले चालली. म्हने दोन्ही पाय एका फळीले बांधायचे आन् पहाडावरून खाली यायचं... बांधलेल्या पायानं कोनी खाली येते का? आन् तुमाले सांगतो, त्या दिवशी सकाळपासून माहा डावा डोळा फडकून राहिला होता.

तर गेलो बाजूच्या दुर्ग शहराले, मोहन नगरात. तिथं ऋषभ नावाचा पोरगा, दोन हिवाळे घसरून आलेला, आता आपल्या तिन्ही फळ्या विकून राहिला. काहून विकून राहिला, ते दार उघडल्यावर समजलं. कुबडी घेऊनच आला बाहेर. मी उन्नतीकडे पाह्यलं, तर ती फळ्यांकडे पाहून राहिली... कुबडी फक्त मलेच दिसली.

म्हने, "काका, ये वाली देखो. नरम है. दोन्ही टोकं सारखी, उलटी-सुलटी कशीही चालते, उड्या मारा, सीखने के लिए बेस्ट." मी म्हनलं, हिच्यावर काय मोडलं? "कुछ खास नहीं काका, खांद्याचं हाड." दुसरी दाखवली. "ही मधली, ना नरम ना कडक, कोनत्याही उतारावर चालते." आन् हिच्यावर? तर त्यानं कुबडीच वर केली. इकडे माहा डावा डोळा फडफड फडफड...

तिसरी भिंतीले टेकून उभी. लांब, काळी, एक ओरखडा नाही. "ही कडक, काका. वरच्या खड्या पहाडासाठी, खोल बर्फासाठी." मी म्हनलं, हिच्यावर? पोरगा म्हने, "इस पे कुछ नहीं टूटा."

आता मी चौतीस वर्सं भिलईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलमधे तपासनीले होतो. लोखंडाची प्लेट आली का चारी अंगानं पाह्याची, ठोकायची, वाकडी दिसली का बाजूले, सरळ असली का पास. माही पास केलेली एकही वापस आली नाही. म्हून म्या ती नरमवाली दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, वरून दाबली, तर ओल्या पापडासारखी लवली. हे माह्या पोरीच्या पायाखाली देऊ? मंग काळी ठेवली, अंगाचा पूरा भार टाकला. जराही लवली नाही. उन्नती म्हने, "बाबा, मुझे नरमवाली चाहिए, मी अजून शिकून राहिली ना." मी म्हनलं, मजबुती तुह्या बापाले शिकवू नको. ऋषभ म्हने, "काका, एक बात..." मी म्हनलं, काळीच बांध.

घरी बेबीनं, माह्या बायकोनं, फळीले हळदकुंकू लावलं, तर कुंकवाची डबी उपडी झाली. डोळ्याचं मी तिले सांगितलंच नाही.

काल पोरीचा फोन. लय खूश. "बाबा, पता है? सरांनी माही फळी पाह्यली आन् म्हने, अशी फळी नवीन मानसाजवळ राहतच नाही, डायरेक्ट वरची बॅच. उद्या सकाळी शेंड्यावरून उतरून राहिलो." मी म्हनलं, बाई, सांग त्याईले, तू शिकाऊ आहेस. म्हने, "सांगितलं असतं, पन तुमीच तर एवढं तपासून घेतली ना, बाबा. मले भीती नाही वाटत."

मले वाटते ना. ऋषभले फोन केला. म्हनलं, बापा, खरं सांग, हिच्यावर काहीच कसं नाही मोडलं? म्हने, "काका, वही तो बता रहा था... उसपे मैं कभी चढ़ा ही नहीं. हिंमतच नाही झाली."

आज सकाळपासून पोरीचा फोन लागत नाही. डावा डोळा आता फडकत नाही, दोन्ही डोळे मोबाईलवर ठेवून बसलो. बेबी घडीघडी विचारते, "अहो, काही होनार तर नाही ना?" काय सांगू जी तिले? म्हनलं, फळीले काही होत नाही, बेबी. तिची गॅरंटी मी देतो.