लई तापलाय

परवा भिंतीपलीकडनं शेजारच्या संगीताचा आवाज आला, "अहो, लई तापलाय, ओलं फडकं..." पुढचं ऐकू आलं न्हाय. म्हटलं, कुणीतरी आजारी हाय अन् आमच्यापासून लपवतायत. काढा घेऊनच गेले.

तापला होता तिच्या नवऱ्याचा, दत्तारावांचा, नवा महागडा फोन. ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवलेला, वायर टीव्हीला.

"काकू, टीव्हीवरचा मोठा गेम ह्या फोनवर चालतो. गेम खेळायचा वेगळा डबा कशाला घ्यायचा?" दत्ताराव म्हणाले.

"न्हाय चालला तर फोन दुकानात परत," संगीता म्हणाली.

मला संशय आला. "माठावरनं उचला बरं."

उचलला, तशी टीव्हीवरची मोटार उसाच्या बैलगाडीगत रखडायला लागली.

"चालतो, पण माठासकट," संगीता म्हणाली. "राहू दे फोन. काकू, आता प्यायचं पाणी तुमच्याकडनं."