उशिरा पोचलेला धक्का

काका-काकूंनो, मयूर विहारहून, गाझियाबादहून तुम्ही सगळे आलात. मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. पण आधी एक चूक दुरुस्त करू द्या. मंडळाच्या फलकावर मी लिहिलं, 'बाबांनी कधी कुणाला विरोध केला नाही.' गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात, म्हणून लिहिलं. ते खोटं आहे. विरोध हाच बाबांचा धंदा होता.

शाळेच्याही आधी मी तो त्यांच्याकडे शिकले. करोल बागेतल्या आत्याकडून निघालो, की बसमध्ये आमटीचं पातेलं ते माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, "मने, बस उजवीकडे गेली की हात डावीकडे. पण वेळेवर. उशीर झाला, तर सांडणारी बस नाही, तूच."

कारखान्यातल्या ग्राइंडिंग मशीनवर त्यांनी हेच बसवलं. सेन्सर थरथर ओळखायचा, चुंबक लगेच उलटा धक्का द्यायचा. मशीन अगदी शांत व्हायचं असं नाही, पण त्यावर ठेवलेला चहाचा ग्लास वाजायचा थांबायचा.

मग परदेशी भागीदार आला. वेग वाढवायचं ठरलं. बाबा मीटिंगमध्ये म्हणाले, नव्या वेगासाठी धक्क्याची वेळ पुन्हा बसवावी लागेल, नाहीतर तो उशिरा पोचेल आणि थरथर वाढवेल. तोवर मशीन बंद ठेवा.

मॅनेजरसाहेब हसले. "जोशी जी, आपको तो हर चीज़ काँपती दिखती है।"

"दिखती नहीं, साहब. नापता हूँ।"

सगळेच हसले. मशीन बंद झालं नाही. ते हादरायला लागलं तेव्हा बाबा बंद करायला धावले, आणि मशीनचं फिरतं दगडी चाक त्यांच्यासमोरच फुटलं.

आता कारखान्यात म्हणतात, जोशींच्या खेळण्यानेच मशीन हादरलं. खरं आहे. धक्का बाबांच्याच यंत्राचा होता. उशीर कोणाचा होता?

शेजारी तसंच दुसरं मशीन आहे. गुरुवारी ते त्याच वेगाने सुरू होणार. वेळ अजून बसवलेली नाही. त्या मशीनपुढे माणसं उभी राहणार.

तुमच्यातले काहीजण मला म्हणालात, जाऊ दे पोरी, आईचं पेन्शन अडकेल. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "जा."

आता आपण उभं राहू, बाबांसाठी शांत राहू. त्याआधी पहिल्या रांगेतल्या मॅनेजरसाहेबांना एक वाक्य. त्यांना मराठी कळत नाही.

साहब, बुधवार की सुबह मैं फ़ैक्टरी इंस्पेक्टर के दफ़्तर जा रही हूँ।