एक पायावरची, एक छातीवरची

...आणि वर हा छापखानेवाला तुल्लियो मला फोन करून विचारतो, "निवेसबाई, फोटो कुठला छापू?" अरे मी काय सांगू कुठला! काल माझी बहीण गेली, जुळी बहीण, दिर्चे. आज तिच्या नावाचा कागद भिंतींवर लागायला हवा, चर्चपाशी, बेकरीपाशी, खाली तळ्यावर होडीच्या धक्क्यापाशी, आणि कागदावर फोटो हवाच, नाहीतर आमच्या गावात मेलेलं माणूस नीट मेलं असं कुणी धरत नाही. आणि बाईसाहेबांना फोटोचा जन्माचा तिटकारा! कॅमेरा दिसला की दुकानातल्या फडताळामागे. सगळ्या घरात शोधून एक सापडला, आणि त्यात आम्ही दोघी. शेजारी शेजारी. आईनं एकाच कापडातून शिवलेले झगे घालून. आता सांगा, यातली दिर्चे कुठली?

तुम्ही म्हणाल, बाई, स्वतःचा चेहरा ओळखता येत नाही? नाही येत! तुम्हाला सांगते, हसू नका, आणि हसायचं तर हसा, कारण माझा धंदाच तो होता. तळ्याकाठच्या संशोधन संस्थेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सारं आयुष्य मी एवढंच केलं, सारखं दिसणाऱ्यांना वेगळं ओळखायचं. रोटिफर म्हणतात त्यांना. वाळूच्या कणापेक्षा लहान, डोक्यावर दोन चाकं गरगर फिरल्यासारखी दिसतात, म्हणून मी आपली चाकवाल्याच म्हणते. चाकवाल्याच, कारण मी बघायची त्या जातीत सगळ्या बायकाच आहेत हो! पुरुष नाही. कुणाला कधी सापडलाच नाही. आई मुलीला जन्म देते, मुलगी तिच्या मुलीला, लग्न नाही, मांडव नाही, सासू नाही, असं कोट्यवधी वर्षं चाललंय. दिर्चे म्हणायची, "तुझ्या त्या किड्यांना नवरा लागत नाही आणि तुला नवरा मिळत नाही, छान जमलंय तुमचं." आणि हिला मिळाला होता का? पण तिला बोलायचं कुणी!

तर काय सांगत होते... हां. ओढ्यात, कुजलेल्या पानांखाली एक किडा असतो, नखाएवढा. त्याच्या पायांवर एक चाकवाली राहते आणि छातीवर दुसरी. घर एकच! दोघी कधीकाळी एकाच आईच्या लेकी. पण एक पायांपाशी मिळेल ते खाते, एक छातीपाशी, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जागी राहून त्या इतक्या बदलल्या की आता त्या दोन निराळ्या जाती आहेत. भले भले प्रोफेसर यायचे आणि म्हणायचे, ज्यांची लग्नंच होत नाहीत त्यांच्यात जाती कशा पडतील, सगळ्या एकमेकींच्या नकलाच की. मी म्हणायची, अहो नक्कल करतानाही चुका होतात, साठत जातात, आणि ज्याचं त्याचं पोट ज्याला त्याला वेगळं घडवतं. एक नाही हो, दोन आहेत!

आणि घरी आले की तेच. वर मी, खाली दिर्चेचं कॉफीचं दुकान. मी जिन्यावरून उतरले की गिऱ्हाईक म्हणणार, "दिर्चे, एक कॉफी, कडक." पाद्रीबुवा मला दुकानाच्या हिशेबाचं विचारणार, आणि तिला माझ्या किड्यांचं. एक नाही हो, दोन आहेत, मी निवेस! सांगून सांगून तोंड दुखलं. दिर्चे कधी सांगायची नाही. कुणी निवेस म्हटलं की ती आपली तुटकपणे "हो हो" म्हणायची आणि माझ्या नावावर शिष्टपणा जमा करून यायची.

पण मला कळायचं. जिन्याची पायरी वाजली की कळायचं ही दिर्चे, डावा पाय जरा ओढत. छताला झाडूचा दांडा ठोकला की कळायचं, कॉफी झाली, उतर खाली. रोज सकाळी. परवापर्यंत. काल दांडा वाजला नाही. मी म्हटलं रुसली असेल, आदल्या दिवशी माझ्या कोटावरून वाजलं होतं आमचं, न विचारता घालायची हो ती. मीही मानी, वरच बसून राहिले. शेवटी उतरले तर ती कॉफीच्या यंत्रासमोरच्या खुर्चीत, गार.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, निळा झगा घातला, मेणबत्त्या लावल्या आणि मला म्हणाल्या, ये, बघून घे. मी बघितलं. आणि तुम्हाला सांगते, मला दिर्चे दिसलीच नाही. मीच निजलेली दिसले. चाकवाल्यांचं असंच असतं. मेली की आक्रसून गोळा होतो तिचा, मग कितीही मोठा सूक्ष्मदर्शक आणा, कुठली ते कळत नाही. ओळखायचं ते जिवंत असताना, चालताना, खाताना. हे मी किती पोरांना शिकवलं असेल! आणि स्वतःच्या बहिणीपाशी उभी राहून रडत होते, की ही कोण.

तर तो फोटो. मी भिंग घेऊन बसले. डावीकडचीच्या गळ्याशी ब्रूच आहे. ब्रूच माझा, मावशीनं मला दिलेला. म्हणजे ती मी, उजवीकडची दिर्चे, सुटलं! कुठलं सुटतंय... माझं सगळं घालायचीच की ती! चाकवाल्याही अशाच, परक्यांचे, अगदी बुरशीचेसुद्धा तुकडे उचलून स्वतःच्या अंगात मुरवून बसतात, मग शोधत बसा कुणाचं काय. हे कोण सांगू शकलं असतं? आई गेली, मावशी गेली. आणि जी एका नजरेत म्हणाली असती, "ही तू, बघ कशी नाक वर करून उभी आहेस," तिचाच कागद छापायचा होता. शेवटी तुल्लियोला म्हटलं, डावीकडची घाल. चुकलं असेल तर चुकलं असेल.

लागले कागद. मी दुकानाचं शटर वर केलं, जरा हवा खेळावी म्हणून, तर म्हातारा ओत्ताव्हियो आला, होडीवाला. चष्मा नेहमीसारखा घरी, म्हणजे कागदावरचं नाव काही वाचलं नसणार. टोपी तशीच डोक्यावर, बसला आपल्या जागी आणि म्हणाला, "दिर्चे, भिंतीवर निवेसचा फोटो बघितला गं. वाईट झालं. जरा शिष्ट होती, पण मनानं बरी होती."

माझ्या जिभेवर आलं होतं बघा, एक नाही हो, दोन... दोन कुठे होत्या आता? मी म्हटलं, "हो, शिष्टच होती." तो म्हणाला, "एक कॉफी दे, कडक." आता काय करता! यंत्राचे दांडे ओढले, वाफ हातावर आली, खाली काहीतरी काळं पडलं, ते दिलं पुढे सरकवून.

त्यानं एक घोट घेतला. कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, "म्हणजे दिर्चे गेली."

आणि तिथे बसून रडला हो म्हातारा. जन्मात पहिल्यांदा या गावात कुणीतरी आम्हाला वेगवेगळं ओळखलं. तेही कॉफी वाईट झाली म्हणून.