खालापूरच्या दुकानात काढलेला माझा फोटो

कॅमेऱ्यातलं माझ्याएवढं कळणारा माणूस आख्ख्या खालापुरात नाय. परवापर्यंत मी माझ्याच अंगठ्याचे फोटो काढत होतो, ते सोडा.

तर नवा फोन घ्यायला दुकानात गेलो. दुकानदार शहरातला, नवा. "काका, ह्या कॅमेऱ्यात माणूस जसा आहे तसाच येतो," म्हणत त्यानं माझा फोटो काढला. बघतो तर एक सुरकुती नाय, गाल नवरदेवासारखे!

मी म्हणालो, "बाहेर बाकड्यावर माझी बायको बसलीय. तिनं ह्या माणसाचं नाव सांगितलं तर सांगशील त्या भावात फोन घेतो. नाय सांगितलं तर कव्हर आणि काच फुकट."

तो हसतच गेला. "काकी, हा कोण? नाव सांगा." ही गप. तीनदा विचारलं, तरी गप. लग्न झाल्यापासून हिनं चारचौघांत माझं नाव घेतलेलं नाय, हे त्याला काय ठाऊक!

फोन घेतला, कव्हर आणि काच फुकट, आणि मी मिरवत बाहेर आलो. "कसा फसवला गं त्याला! तू माझं नाव घेणार नायस, हे मला ठाऊक होतं."

ही म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसलात? अवो, मी खरंच ओळखलं नाय. एवढा देखणा माणूस आपल्या घरात कधी बघितलाय मी?"