रेषेबाहेर बसलेली अनुजा

या मंडळी, पुढं सरका. आयाबायांनो, लेकरं मांडीवर घ्या आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस हरतो कधी? पडतो तेव्हा? की पडल्यावर तसाच बसून राहतो तेव्हा?

काय म्हणता मृदंगवाले बुवा? पडतो तेव्हा? अहो, मघाशी तुमची थाप चुकली! सगळ्यांनी ऐकलं! मग हरलात का? नाही ना, पुढं वाजवलंत. बघा, उत्तर देताना माणसानं आधी स्वतःकडं बघावं.

तर ऐका! बोरखडी नावाचं गाव. तिथं लिंबाजी डोईफोडे म्हणून मळणीयंत्र चालवणारा गडी. त्याची लेक अनुजा, नववीत शिकणारी. आणि खेळ कुठला? कबड्डी! मांडीवर थाप मारून पोरगी चढाईला निघाली की समोरच्या पोरी दोन पावलं मागं सरायच्या. पहाटे टेकडी चढायची, बापाबरोबर ज्वारीची पोती उचलायची — अंग म्हणजे लोखंड! आणि मन? मन पापडाचं! जरा दमट हवा लागली की मऊ पडायचं.

आता आयाबायांसाठी खेळाचा एक नियम सांगतो. कबड्डीत जो बाद झाला त्यानं रेषेबाहेर जाऊन बसायचं. पण आपल्या संघानं समोरचा गडी टिपला, की बाहेरचा पुन्हा आत! म्हणजे बाद झालेला जिवंत होतो, मंडळी! क्रिकेटात आहे का ही सोय? तिथं दांडी उडाली की तंबूत जाऊन चहा प्यायचा!

मागच्या साली देवीच्या जत्रेत सामने भरले. अंतिम सामना, समोर टाकळीच्या पोरी. भोवती सगळं गाव! आणि आपली वाघीण पहिल्याच चढाईत सापडली. झालं! बाहेर जाऊन बसली, तोंडावर ओढणी घेतली आणि लागली हुंदके द्यायला. 'बोरखडीचं नाक कापलं, आता लोक काय म्हणतील?' आत खेळ चाललाय, हिला पत्ता नाही. मैत्रिणींनी समोरची एक पोर धरली, पंचांनी शिट्टी वाजवली, सगळे ओरडतायत, 'अनुजा, आत ये!' आणि ही बसलीये ओढणीच्या आत! शेवटी कुणीतरी दंडाला धरून उठवली. सुजलेल्या डोळ्यांनी चढाईला गेली. अर्ध्या वाटेत दम तुटला, पुन्हा बाद. सामना गेला.

बाप वाईट नव्हता, मंडळी. लेकीचं ते रडणं त्याला बघवलं नाही. घरी आल्यावर म्हणाला, "हे बघ बाई, पुढच्या जत्रेला असंच झालं तर मैदान बंद. जीव जाळून घ्यायचा असला खेळ आपल्याला नको."

 कबड्डी सोडून अनुजाला दुसरं काही सुचतच नव्हतं. मग तिनं काय केलं? टेकडीच्या फेऱ्या वाढवल्या! आपलंही असंच असतं. दुखतं एकीकडं आणि आपण मलम लावतो भलतीकडं!

पण शाळेत खेळाच्या बाई होत्या, खरात मॅडम. त्यांनी दुखणं ओळखलं. दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. अनुजा चढाईला निघाली, कुणी हातसुद्धा लावला नाही, तोच मॅडमनी शिट्टी मारली. "अनुजा बाद. बाहेर बस."

"मॅडम, मला कुणी शिवलं तरी का?"

"नाही शिवलं. बस."

बसली बिचारी फणफणत. थोड्या वेळानं मॅडम तिच्यापाशी आल्या. "सांग, तू बसल्यापासून आत काय काय झालं?"

"मला काय माहीत? मी बाहेर होते."

"बाहेर होतीस. आंधळी होतीस का?"

रोज हेच, मंडळी! रंगात आलेली पोरगी मध्येच बाद! मग प्रश्न — कुणाचा पाय आधी उचलतो? कोण दमलीये? पकड करायच्या आधी कोण ओठ चावतं? उत्तर नाही आलं की मैदानाला फेऱ्या. एक दिवस अनुजा भडकलीच. "मी इथं खेळायला येते, राखण करायला नाही."

मॅडम म्हणाल्या, "खेळायचं तुला येतं गं. बाद होऊन बसायचं येत नाही. ते शिक."

"आणि रडू आलं तर?"

"येऊ दे की. रडू नको असं मी कुठं म्हणलं? डोळे झाकू नको एवढंच म्हणायली."

वर्ष सरलं. पुन्हा जत्रा, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा टाकळी! लिंबाजी गर्दीत मागं उभा, उपरण्याचं टोक चावत. आणि काय सांगू मंडळी — अनुजा पुन्हा बाद झाली! टाकळीची उजव्या कोपऱ्यातली रंजना, मोठी दांडगी पोर, तिनं असा घोटा धरला की अनुजा तोंडावर आपटली. गर्दीतून कुणीतरी हसलं, "द्या गं हिला ओढणी, तोंड झाकायला!" अशी माणसं प्रत्येक गावात असतात. आपल्या गावात नाहीत, असं म्हणू या.

अनुजा बाहेर जाऊन बसली. रडू आलं का? आलं! गालावरची माती ओली झाली. पण डोळे उघडे! ती रंजनाकडंच बघत राहिली. आणि तिला दिसलं, घोट्यावर झेप घ्यायच्या आधी रंजना उजवा तळवा मांडीला पुसते. एकदा पुसला आणि झेप घेतली. पुन्हा पुसला, पुन्हा झेप!

आणि आणखी एक गोष्ट दिसली. टाकळी एका गुणानं पुढं, वेळ संपत आलेली. टाकळीची चढाई करणारी पोर आत आली आणि अनुजाच्या संघातली सगळ्यात बारकी शबाना तिच्या पायाला चिकटली. ती फरफटवतीये, शबानाचे गुडघे सोलले, पण हात सोडत नाही! एवढीशी पोर, डोळे मात्र रेषेबाहेर बसलेल्या अनुजावर. जणू म्हणत होती, 'ऊठ, तुझ्यासाठी धरलीये हिला.' बाकीच्या धावल्या, पकड झाली, शिट्टी वाजली. अनुजाच्या मनात आलं, मागच्या साली पण हिनंच धरलं असेल. आणि आपण तेव्हा तोंड झाकून बसलो होतो. तिला फार लाज वाटली.

शिट्टीबरोबर अनुजा आत! शेवटची चढाई! कबड्डी कबड्डी कबड्डी — लोक ओरडतायत, ढोल वाजतोय, तिला सगळं ऐकू येतंय आणि दम तुटत नाही! मुद्दाम उजव्या कोपऱ्याकडं गेली, पाय पुढं टाकला. रंजनानं तळवा मांडीला पुसला. पुसला की अनुजानं पाय उचलला! रंजना मातीत, तिच्या पाठीवर अनुजाची थाप आणि पोरगी वाऱ्यासारखी मध्यरेषेपार!

मैदान दणाणलं, मंडळी! लिंबाजी गर्दी फोडून लेकीकडं धावला. पण लेक जाग्यावर होती कुठं? ती शबानासमोर बसून तिचे गुडघे धूत होती. बाप तिथंच थांबला आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "उद्यापासून मळणीवर मी एकटाच जाईन. पोरीला सराव असतोय."

आता मला तुमच्याकडं वळू द्या. इथं बसलेल्यांत कुणी परीक्षेत आपटलंय, कुणाचा धंदा बसलाय, कुणी निवडणुकीत पडलंय — तुम्ही नका हसू सरपंच, पुढची निवडणूक लांब नाही! सगळे कधी ना कधी रेषेबाहेर बसतात. अंग कमवायला टेकडी पुरते. मन मात्र तिथं रेषेबाहेरच कमवावं लागतं. अहो, बाद झालेला स्वतःच्या बळावर आत येत नाही. आत कुणीतरी गुडघे सोलून घेत असतं, तेव्हा त्याला शिट्टी ऐकू येते. घरी गेल्यावर दिवा लावा आणि नीट बघा. चुलीपाशी, गोठ्यात, शेजारच्या खोलीत — तुमच्यासाठी शबानासारखं पाय धरून बसलेलं माणूस कोण आहे? आणि ते तुमच्याकडं किती दिवसांपासून बघतंय?