मालक नसलेली जागा

राव, जमिनीचे व्यवहार करणाऱ्या माणसासमोर ऑफिसचा फोन घेऊ नका. आमची चाकणची छोटी कंपनी, लहान उपग्रह बनवतो. परवा चऱ्होलीला मामाकडे बसलो होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी एवढंच म्हणालो, "जागा ठरली? बरं, इतक्यात कुणाला सांगत नाही."

मामा त्याच आठवड्यात उरलेली जमीन बिल्डरला देणार होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"कुठली जागा रं?"

"रॉकेट सोडायची. तमिळनाडूत, समुद्राकाठी."

"एवढ्या लांब? हितं काय वाईट हाय?"

"मामा, आमचा उपग्रह दोन्ही ध्रुवांवरून फिरणार. त्यासाठी रॉकेट सरळ दक्षिणेला सोडायचं. वाटेत त्याचे तुकडे पडतात, म्हणून खाली माणूस नको, नुसता समुद्र पाहिजे."

मामानं मला मोबाइलवर नकाशा काढायला लावला आणि त्या किनाऱ्यापासून बोट खाली खाली नेलं.

"हितनं फुडं कोण हाय?"

"कोणी नाही. थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणीच."

"आन् त्या अंटार्क्टिकाचा मालक?"

"त्याला मालकच नाही, मामा."

मामानं माझा मोबाइल बाजूला सारला. मग माझ्यासमोरच त्यानं बिल्डरला फोन लावला.

"शेठ, व्यवहार थांबवा. चऱ्होलीत कायतरी लई मोठं येतंय. सख्खा भाचा तोंडावर खोटं बोलाय लागलाय."