यमुनाबाईंची दुसरी नोंद

...नाही, बंद करून परत चालू करून झालं गो. ते तू फोनवर सांगितलंस तेव्हाच केलं. मग फाईलची नक्कल काढली, मूळ फाईल बाजूला ठेवली, नकलेवरच हात चालवला — तूच म्हणालीस ना, सर, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. आठवीत मी तुम्हाला हेच सांगायचो, गणित अडलं की मागे जा, शेवटची बरोबर पायरी शोधा. बस वर्षाली, खुर्ची घे. तर हा माझा कॉम्प्युटरवरचा फॉर्म. गावातले रक्तदाते, एकशे बारा माणसं — नाव, रक्तगट, फोन. निवृत्त झाल्यावर पुस्तकात बघून बघून एकट्याने केला. ग्रामपंचायतीत शाल-नारळही मिळाला — ते राहू दे.

बिघाड? हा बघ, या जुन्या नकलेत दाखवतो. वर ही खिडकी आहे ना, बाण दाबला की सगळी नावं खाली उतरतात — ती मी माणूस शोधायला केली. आता फॉर्म उघडला की समोर पहिली नोंद येते. मी शोधायला म्हणून यादीतल्या सिद्धेशचं नाव निवडतो. बघ. सिद्धेश सापडला नाही, समोरच्याच नोंदीचं नाव सिद्धेश झालं. गट तोच, फोन तोच, नाव तेवढं बदललं. हो, हो, कळलं मला — खिडकी नुसती शोधण्यापुरती सुटी ठेवायची होती, मी ती नावाच्या रकान्याला जोडली. पण कळलं कधी? गेल्या सोमवारी. आधी म्हटलं व्हायरस असेल, मग म्हटलं वीज गेली तेव्हा फाईल बिघडली असेल. आपली चूक असेल हे शेवटी सुचलं.

वरच्या वाडीतली तन्वी माहीत आहे ना, तुझ्या मागच्या वर्गातली — मे महिन्यात बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. ओ निगेटिव्ह पाहिजे म्हणून तिच्या नवऱ्याचा मला फोन. मी यादीतून त्या गटाची नावं गाळून काढली, एकच नाव आलं, यमुनाबाई. फोन लावलाच नाही — कशाला लावू, ती तिठ्यावरच्या बाजारात मासे घेऊन बसते हे का मला ठाऊक नाही? धावत गेलो. तिने एक शब्द विचारला नाही गो, बांगडे भरलेली पाटी शेजारच्या लक्ष्मीच्या हवाली केली आणि रिक्षात बसली. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात तपासलं तर तिचा गट बी पॉझिटिव्ह. रक्त मग गोव्याहून आलं, तीन तासांनी. तन्वी वाचली, मूलही चांगलं आहे. पण ते तीन तास तिची आई भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिच्या समोर.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी तिठ्यावर, भाईच्या दुकानासमोर, माणसं जमलेली असताना म्हटलं, यमुनाबाई, माहीत नव्हतं तर तसं सांगायचं, यादीत नाव यावं म्हणून काहीही लिहून द्यायचं? ती म्हणाली, "गुरुजी, मी तुमका रक्तगटाचा कार्ड दाखवलंय. तुमीच बघून लिवलात." मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. माणसं हसली. ती माशांवर पाणी शिंपडत राहिली.

सोमवारी बघतो तर यमुनाबाई यादीत दोनदा. एकदा बी पॉझिटिव्ह, तिच्या स्वतःच्या फोनसकट. आणि एकदा पहिल्याच नोंदीत — ओ निगेटिव्ह, आणि फोन माझ्या घरचा. पहिली नोंद मी कोणाची केली होती? किशोरीची. माझ्या बायकोची. कधीतरी यमुनाबाईला शोधायला गेलो आणि तिचं नाव त्या नोंदीवर बसलं. तीस वर्षं झाली लग्नाला. तिचा गट मीच टाइप केला आणि मीच विसरलो. मी रक्तासाठी धावत होतो तेव्हा ती घरामागच्या खळ्यात कोकमं वाळत घालत होती. सांगितलं ना तिला, सांगितलं. "माका एकदा इचारूक काय झाला होता?" — एवढंच म्हणाली. परवा एकटीच एसटीने ओरोसला गेली आणि रक्तपेढीत आपलं नाव लिहून आली. तुमच्या यादीत नको म्हणाली.

मग तुला कशाला बोलावलं? दुरुस्तीला नाही गो. दुरुस्ती झाली, कागदावरच्या वहीशी सगळी नावं ताडून बघितली. तू कॉम्प्युटरचं शिकलेली, म्हणून मला तुझ्याकडून एक चिठ्ठी हवी होती, सहीची — चूक प्रोग्रामची होती म्हणून. ती भाईच्या दुकानात लावणार होतो. आज सकाळी यमुनाबाईकडे जाऊन आलो. गिऱ्हाईक नाही असं बघून, खाली वाकून, हळूच सांगितलं, चूक माझी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिसा चार माणसांसमोर बोललात, गुरुजी. आता कानात कित्याक सांगतास?"

अशी बघू नको. नको, काही लिहून देऊ नको, ते पेन ठेव. बाजार भरलेला आहे तोवर मला तिठ्यावर पोचायचंय. तू मशीन बंद कर आणि घरी जा. नाही — सोबत येऊ नको.